करेन लोकांची डोंगरी भातशेती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायलंड आणि म्यानमारच्या सीमेवरच्या डोंगरांत करेन समाज भात कसं पिकवतो, याबद्दल मी लिहायला लागल्यापासून काही प्रश्न सारखे येत राहतात. विचारणाऱ्यांत चियांग माईहून परतलेले पर्यटक आहेत, कृषी महाविद्यालयांतले विद्यार्थी आहेत, कोकणातले आणि घाटमाथ्यावरचे शेतकरीही आहेत. शेतकऱ्यांचे प्रश्न सगळ्यांत नेमके असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. करेन म्हणजे नेमके कोण? थाई की बर्मी?

दोन्ही देशांत राहणारा, स्वतःच्या भाषा असलेला हा वेगळा समाज आहे. म्यानमारच्या आग्नेय भागात त्यांच्या नावाचं राज्य आहे. १९८९ मध्ये तिथल्या सरकारने नावं बदलली तेव्हापासून त्याला कायिन म्हणतात. थायलंडमध्ये ते चियांग माई, मे होंग सोन, ताक, कांचनाबुरी, पेत्चाबुरी अशा पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या प्रांतांत पसरले आहेत. थायलंडच्या डोंगरी समाजांत संख्येने सर्वांत मोठा समाज हाच. स्गॉ आणि प्वो या त्यांच्या दोन मोठ्या शाखा. स्गॉ लोक स्वतःला ‘पगाकन्यो’ म्हणवतात.

पुढची उत्तरं मुख्यतः थायलंडबद्दल आहेत. म्यानमारसाठी प्रश्न १४ पाहा.

२. सगळेच करेन डोंगरावर फिरती शेती करतात का?

नाही. इरावतीच्या मुखाकडच्या सपाट प्रदेशातले करेन पिढ्यानपिढ्या चिखलणी करून खाचरात भात लावतात. डोंगरातल्या अनेक गावांतही ओढ्याकाठी खाचरं आणि वर उतारावर फिरतं शेत, असं दोन्ही असतं (प्रश्न ९). ‘करेन म्हणजे रान जाळणारे’ हे समीकरण मुळातच चुकीचं आहे.

३. उतारावर पाणी तुंबवता येत नाही, मग भात येतं कसं?

आपल्या वरकस जमिनीवर नाचणी-वरी येते तसंच, निव्वळ पावसावर. फक्त इथे पीक भाताचं असतं आणि वाणही त्यासाठीचे, पाणी न तुंबता वाढणारे.

जानेवारी-फेब्रुवारीत जागा ठरते आणि तोड सुरू होते. तोडलेलं रान दीड-दोन महिने उन्हात वाळतं. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये, पावसाच्या तोंडावर, ते जाळतात. त्याआधी तुकड्याभोवती जाळरेषा काढून पालापाचोळा झाडून घेतलेला असतो आणि जाळायच्या दिवशी माणसं कडेने उभी असतात. राखेमुळे त्या आम्लधर्मी मातीला पालाश आणि स्फुरद मिळतं, आम्लता कमी होते, वरच्या थरातलं तणाचं बी मरतं.

मग टोकण. पुरुष लांब, लोखंडी टोकाच्या काठीने भोकं पाडत पुढे जातात, बायका मागून दाणे टाकत येतात. नांगर लागत नाही, म्हणून माती मोकळी होऊन वाहून जात नाही. जून ते ऑगस्ट बेणणीचे महिने, आणि वर्षातलं सगळ्यात जास्त कष्टाचं काम तेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी होते, मळणी शेतातच. उतारा साधारण हेक्टरी एक ते दोन टन. खाचराच्या मानाने कमी आहे, पण यात खत विकत आणलेलं नसतं आणि पाणीही कुठून वळवलेलं नसतं.

४. दरवर्षी रान तोडायचं आणि जाळायचं, म्हणजे जंगल संपणारच ना?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत मोठा गैरसमजही इथेच आहे.

दरवर्षी नवं जंगल तोडत पुढे सरकायचं, मागे वळून बघायचं नाही, अशी एक पद्धत असते. करेन पद्धत तशी नाही. गाव जागचं हलत नाही. एका कुटुंबाचे ठरलेले तुकडे असतात. एका तुकड्यावर एकच वर्ष भात घ्यायचं, मग तो सात ते दहा वर्षं सोडायचा आणि फेरी पूर्ण झाली की परत तिथेच यायचं. तोडताना झाड मुळापासून काढत नाहीत. कमरेच्या आसपास खुंट ठेवतात, मोठ्या झाडांच्या नुसत्या फांद्या उतरवतात. मुळं जिवंत असल्यामुळे पहिल्या पावसात खुंटांना फुटवे येतात, म्हणजे भात उभं असतानाच पुढचं रान वाढायला लागलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिथे डोक्यावर जाणारी झाडी असते. सातव्या वर्षी परक्या माणसाला ते जंगलच वाटेल.

आणि काही जागांना कुऱ्हाड लावायचीच नाही, असा दंडक आहे: झऱ्यांचे उगम, दोन डोंगरांमधल्या खिंडी, स्मशानाचं रान. याशिवाय मूल जन्मलं की त्याची नाळ बांबूच्या नळकांड्यात घालून एका झाडाला बांधतात. त्या मुलाचा जीव त्या झाडाशी जोडला जातो आणि ते झाड कोणी तोडत नाही.

५. एका कुटुंबाला किती जमीन लागते? मालकी कोणाची?

कसायला दरवर्षी एकच तुकडा लागतो, पण फेरी सात वर्षांची असेल तर हाताशी सात तुकडे हवेत, दहाची असेल तर दहा. म्हणजे कोणत्याही वर्षी बहुतेक जमीन झाडीखाली असते. सरकारी नजरेला मात्र हा एक तुकडा शेत दिसतो आणि बाकीचं ‘कोणाचं नसलेलं’ दिसतं. पुढची सगळी भांडणं इथून निघतात (प्रश्न ७ आणि १२).

कागदावर मालकी बहुधा नसतेच. यंदा डोंगराची कुठली बाजू तोडायची हे जाणती माणसं आणि कुटुंबं मिळून ठरवतात. सगळ्यांचे तुकडे लागून घेतले की जाळरेषा एकच काढावी लागते आणि राखणही सोपी पडते. टोकण आणि कापणी सावडीने होते: आज तुमच्या शेतावर गाव, उद्या आमच्या. जागा निवडताना भेकर ओरडलं तर तो तुकडा त्या वर्षी सोडून द्यायचा, असाही जुना संकेत आहे.

६. त्या शेतात फक्त भातच असतं का?

भात मुख्य, पण त्यात काकड्या, भोपळे, अळू, कंद, मिरची, तीळ, राळा, जोंधळा, घेवडे, मोहरीची भाजी, कापूस, शिवाय झेंडू आणि कोंबड्याची फुलं. बरंचसं बी टोकणीच्या वेळी भाताच्या दाण्यांत मिसळूनच टाकतात. कोकणातल्या ज्यांनी पावसाळ्यात वरकसावरची तवसं खाल्ली आहेत, त्यांना हे लगेच कळेल. भात कापल्यावरही कित्येक महिने भाजी त्या तुकड्यातून येत राहते, आणि पुढच्या वर्षांत सरपण, बांबूचे कोंब, औषधी पाला, गुरांचा चारा. म्हणून फक्त भाताचा उतारा मोजून ‘ही शेती परवडत नाही’ म्हणणं बरोबर नाही.

बियाणं घरचं असतं. एकाच घरात हळवे आणि गरवे असे वेगवेगळे वाण ठेवतात. पाऊस लवकर थांबला तर हळवं हाती लागतं. बहुतेक ठिकाणी हे वाण आणि भाजीचं बी बायका सांभाळतात. घरात बी राखणारी ती बाई गेली आणि सून शहरात राहिली, की वाणही जातात. या सगळ्या बदलांत मला याचीच भीती सर्वांत जास्त वाटते, कारण रान दहा वर्षांत परत वाढतं, गेलेलं बियाणं परत येत नाही.

७. गेल्या काही दशकांत सगळ्यात मोठा बदल कोणता झाला?

विश्रांतीची वर्षं कमी झाली. जिथे दहा होती तिथे सात, जिथे सात होती तिथे पाच, तीन. काही गावांत फेरी बंदच पडली.

‘लोकसंख्या वाढली’ हे उत्तर सगळे देतात. लोकसंख्या वाढली हे खरं, पण अर्धंच. थायलंडमध्ये १९६१ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९६४ मध्ये राखीव वनांचा. ज्या डोंगरांवर करेन गावं आधीपासून होती, तेही नकाशावर वन झाले. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडमध्ये भीषण पूर आला, उघड्या डोंगरांवरून ओंडके आणि चिखल गावांवर आले, आणि जानेवारी १९८९ मध्ये व्यापारी लाकूडतोडीवर देशभर बंदी आली. ती बंदी योग्यच होती. पण त्यानंतर वनखात्याचं लक्ष संरक्षित क्षेत्रं वाढवण्याकडे वळलं आणि डोंगरातला शेतकरी ‘अतिक्रमण करणारा’ ठरला.

याचा फेरीवर परिणाम कसा होतो ते बघा. तुकडा सात वर्षं सोडला की तिथे झाडी वाढते, झाडी वाढली की हवाई छायाचित्रात ते वन दिसतं, आणि वन दिसलं की परत तोडणं गुन्हा. मग शेतकरी काय करणार? झाडी वाढू न देता दोन-तीन वर्षांतच परत येतो, म्हणजे ताबा दिसत राहतो. जंगल वाचवायला केलेल्या नियमाने माणसाला रान वाढू न देण्याची सक्ती केली. हा बदल शेतकऱ्याच्या अडाणीपणामुळे झाला असं जे लिहितात, त्यांनी हा क्रम एकदा शांतपणे तपासावा.

८. विश्रांती कमी झाली तर शेतात नेमकं काय बिघडतं?

आधी तण वाढतं. दाट सावलीत तणाचं बी मरतं किंवा रुजत नाही; सावलीच नसेल तर गवत आणि रानमोडी माजतात. रानमोडी म्हणजे आपल्या सह्याद्रीतही पसरलेलं तेच परदेशी झुडूप. बेणणी वाढते, माणसं पुरत नाहीत, मग तणनाशक येतं. त्यात भाताबरोबरची भाजी मरते आणि प्रश्न ६ मधली सगळी मिसळ संपते. दुसरं म्हणजे जाळायला पुरेसं लाकूड नसल्याने राख कमी, म्हणून पीक कमी.

पण याला एक आशादायक अपवाद आहे. मे होंग सोन प्रांतात सोप मोए भागातल्या टी चा या करेन गावाचा अभ्यास चियांग माई विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. तिथली फेरी सात वर्षांवर आलेली असूनही भात चांगलं येत होतं. कारण शेतकरी पडीक तुकड्यात एक विशिष्ट झाड दाट वाढू देत होते, आपल्याकडच्या चांदाड्याच्या प्रजातीतलं. त्याच्या मुळांशी राहणारी बुरशी मातीतलं स्फुरद झाडाला मिळवून देते आणि झाड जाळल्यावर ते भाताला मिळतं. जिथे ही झाडं दाट, तिथे भात सरस. लोकांना हे आधीच माहीत होतं, संशोधकांनी त्यामागचं कारण दाखवलं.

९. मग सरळ खाचरंच का करत नाहीत?

जिथे जमतात तिथे केली आहेत. विसाव्या शतकात कितीतरी करेन गावांनी ओढ्याकाठी पायऱ्यापायऱ्यांची खाचरं खणली आणि पाट काढले. आधी रेड्यांनी नांगरत, आता पॉवर टिलर आले आहेत. खाचराचा उतारा जास्त आणि भरवशाचा, शिवाय ते दरवर्षी कसलेलं दिसत असल्याने सरकारी यंत्रणेलाही चालतं.

अडचण जागेची आहे. पाणी पोचेल आणि उतार बेताचा असेल अशा जागा दरीत थोड्याच, आणि त्या आधीच्या घरांनी घेतलेल्या. त्यामुळे गावात खाचरवाले आणि बिनखाचरवाले असा भेद पडला, जो फिरत्या शेतीत फारसा नव्हता. ज्यांच्याकडे खाचर नाही, त्यांचं पोट अजून उतारावरच आहे.

१०. डोंगर मक्याने उघडे पडलेले दिसतात. तेही करेनच करतात ना?

काही करेन शेतकरीही करतात, हे लपवण्यात अर्थ नाही. चियांग माई प्रांतातलं मे चेम खोरं याचं ठळक उदाहरण. पशुखाद्यासाठी मका विकत घेणारी साखळी तिथे पोचली. बी, खत, तणनाशक उधारीवर मिळालं, मका विकल्यावर वळतं झालं. मुलांच्या शाळेला, दवाखान्याला, मोटारसायकलच्या हप्त्याला रोख पैसा लागतो आणि डोंगरी भात तो देत नाही. शिवाय फेरीसाठीचे तुकडे कायद्याने हातचे गेल्यावर उरलेल्या जमिनीत दरवर्षी पीक घेणं भागच पडतं.

पण मका ही फिरती शेती नव्हे. तिथे खुंट राहत नाहीत, विश्रांती नाही, मिसळ पीक नाही, आणि कर्ज मात्र राहतं. कोबी, टोमॅटो, स्ट्रॉबेरी यांचंही थोड्याफार फरकाने हेच. दोन्ही शेतांचे फोटो एकाच मथळ्याखाली छापले जातात तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

११. चियांग माईच्या धुराला हेच लोक जबाबदार नाहीत का?

फेब्रुवारी ते एप्रिल उत्तर थायलंडची हवा फार खराब होते. फिरत्या शेतातला जाळ त्यात आहेच, पण त्याबरोबर जंगलातले वणवे, मक्याची धाटं, भाताचं काड, शेजारी देशांतून येणारा धूर हेही आहे. फिरत्या शेताचा तुकडा वर्षात एकदा, काही तासांत, जाळरेषेच्या आत जळतो.

प्रशासन दर उन्हाळ्यात ठरावीक काळासाठी जाळण्यावर सरसकट बंदी घालतं. रान वाळण्याचा आणि पाऊस येण्याचा काळ नेमका त्याच सुमाराला येतो. बंदी उठेपर्यंत पाऊस पडला तर ओलं रान नीट जळत नाही: धूर जास्त, राख कमी आणि वर्षभर तण. गावांना तारखा ठरवून, पाळीपाळीने जाळू देणं हा मला यातला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

१२. ही शेती थायलंडमध्ये आज कायदेशीर आहे का?

याचं सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ देता येत नाही, कारण सरकारची दोन तोंडं दोन दिशांना आहेत.

एकीकडे ३ ऑगस्ट २०१० च्या मंत्रिमंडळ ठरावाने करेन जीवनपद्धतीला आणि फिरत्या शेतीला आधार दिला. चियांग राय प्रांतातलं हुए हिन लाद नाय यासारख्या गावांना विशेष सांस्कृतिक क्षेत्र मानलं गेलं. २०१३ मध्ये संस्कृती मंत्रालयाने करेन फिरती शेती राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्याच वर्षी हिन लाद नायच्या प्रीचा सिरी यांना संयुक्त राष्ट्रांच्या वन मंचाचा वनवीर पुरस्कार मिळाला. लाकूडतोडीच्या ठेक्याने ओरबाडलेलं रान या गावाने पुन्हा उभं केलं होतं.

दुसरीकडे ३० जून १९९८ च्या ठरावानुसार वन घोषित होण्याआधीपासूनची वहिवाट सिद्ध करावी लागते. २०१४ मध्ये लष्करी राजवटीने वनजमीन परत घेण्याची मोहीम काढली. २०१९ च्या राष्ट्रीय उद्यान कायद्याने आतल्या गावांना राहण्याची आणि कसण्याची मुदतबंद परवानगी देऊ केली, मालकी नाही. मोजणी झाली ती कसत्या जमिनीची. झाडीखालचे तुकडे त्यात बसवणं अवघडच राहिलं. ठराव हा कायद्याखालचा, त्यामुळे जिथे दोघांची टक्कर होते तिथे शेतकरी हरतो.

१३. बँग क्लोईचं प्रकरण काय आहे?

पेत्चाबुरी प्रांतातल्या केंग क्राचान राष्ट्रीय उद्यानाच्या आतलं हे करेन गाव. १९९६ मध्ये लोकांना वरच्या गावातून खाली आणलं. खाली दिलेली जमीन पुरेशी आणि पिकाऊ नाही, ही तक्रार तेव्हापासूनची. काही जण परत वर गेले. २०११ मध्ये अधिकाऱ्यांनी त्यांची घरं आणि भाताची कोठारं जाळली. गावचे वयोवृद्ध को-ई मीमी यांच्यासह लोक न्यायालयात गेले. २०१८ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जाळपोळ बेकायदा ठरवून भरपाई दिली, पण परत जायला परवानगी दिली नाही. त्याच वर्षी को-ई वारले.

या लढ्यात मदत करणारा तरुण पोलाजी राकचोंगचारोएन, सगळ्यांचा ‘बिली’, १७ एप्रिल २०१४ रोजी बेपत्ता झाला. २०१९ मध्ये उद्यानातल्या धरणाच्या पाण्यात सापडलेला हाडाचा तुकडा त्याचा असल्याचं तपास यंत्रणेने जाहीर केलं. २०२१ च्या सुरुवातीला काही कुटुंबं पुन्हा वर गेली, मार्चमध्ये त्यांना अटक झाली, आणि जुलैमध्ये हे वन जागतिक वारसा यादीत गेलं.

१४. म्यानमारमध्ये काय परिस्थिती आहे?

तिथे कायद्याच्या आधी युद्ध येतं. पेरणीच्या किंवा कापणीच्या वेळी गाव सोडून पळावं लागलं की ते वर्ष गेलं. त्यात २०१२ चा रिकाम्या, पडीक आणि अस्पर्श जमिनींचा कायदा, २०१८ च्या दुरुस्तीने आणखी कडक झालेला: विश्रांतीतला तुकडा त्याच्या लेखी ‘रिकामा’, म्हणजे दुसऱ्याला देता येणारा.

याला करेन लोकांनी स्वतः उत्तर दिलं. मुत्रॉ जिल्ह्यात डिसेंबर २०१८ मध्ये साल्वीन शांतता उद्यान जाहीर झालं, सुमारे ५,४८५ चौरस किलोमीटरचं. गावांच्या परंपरागत जमिनी, फिरती शेती आणि राखलेली वनं एकाच सनदेखाली आली. त्यासाठी काम करणारे पॉल सेन ट्वा यांना २०२० मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. २०२१ च्या लष्करी उठावानंतर याच जिल्ह्यावर हवाई हल्ले झाले आणि हजारो लोक रानात व सीमेकडे पळाले.

१५. आपल्याकडचा राब आणि हे एकच का?

नाही. राबात फांद्या, पाला, शेण रोपवाटिकेच्या जागेवर भाजतात आणि रोपं खाचरात लावतात; इथे शेतच भाजलं जातं आणि लावणी नसते. खरी भावंडं म्हणजे सह्याद्रीतली कुमरी, रायगडमधल्या कातकरी-ठाकरांची दळी आणि गडचिरोलीतल्या माडियांचा पेंडा. कुमरीवर एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अंमलात बंद्या आल्या. दळीचे हक्क मिळवण्यासाठी वनहक्क कायदा २००६ मध्ये यावा लागला, आणि तिथेही ‘सलग ताबा दाखवा’ ही अडचण आलीच.

इतिहासातला एक दुवा थेट आहे. ब्रिटिश बर्मात डीट्रिख ब्रँडिस यांनी करेन शेतकऱ्यांकडून त्यांच्याच फिरत्या शेतात भाताबरोबर सागाची रोपं लावून घेतली. भात शेतकऱ्याचं, साग सरकारचा. हेच ब्रँडिस १८६४ मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले आणि ‘टाँग्या’ म्हणून ही पद्धत भारतातही आली.

१६. अंदमानातही करेन आहेत म्हणतात, ते खरं का?

हो. १९२५ मध्ये ब्रिटिशांनी वनकामासाठी बर्मातून काही कुटुंबं मध्य अंदमानात आणली. मायाबंदरजवळचं वेबी हे त्यांचं जुनं गाव.

१७. तरुण पिढी ही शेती करते का?

कमी. शाळेसाठी मुलं लहानपणीच वसतिगृहात जातात आणि टोकण-बेणणीचे महिने नेमके शाळेचे असतात. काही शिकून परततात. मध, चहा, कॉफी, घरच्या वाणाचा तांदूळ थेट गिऱ्हाइकाला विकून रोख पैशाचा प्रश्न मक्याशिवाय सोडवता येतो, हे हिन लाद नायसारख्या गावांनी दाखवलं आहे.

१८. पडीक तुकड्यात कॉफी लावली तर ती फिरती शेतीच राहते का?

नाही. कॉफी बारमाही असल्याने तो तुकडा फेरीतून कायमचा बाहेर जातो. सातांतले दोन तुकडे असे गेले की उरलेल्या पाचांवर फेरी पाच वर्षांची होते आणि प्रश्न ८ मधली सगळी दुखणी सुरू होतात. चहा किंवा कॉफी मोठ्या, राखलेल्या झाडीच्या सावलीत लावली, भाताच्या तुकड्यांना हात लावला नाही, तर दोन्ही चालतं. म्हणून कोणी ‘आम्ही फिरती शेती सोडून कॉफीकडे वळलो’ म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारावा: झाडं कुठे लावली?